गांवठी कोंबडी आणि आपलें कर्तव्य

शाळेच्या वार्षिक अंकांत कोंबडीवरील लेख पाहून कित्येक वाचकांस हसूं येईल, हें आम्ही जाणून आहोंत. काव्य, प्रवास, थोर पुरुषांचीं चरित्रें, विज्ञानांतील नवे शोध, ह्यांच्या पंक्तीला उकिरड्यावर चोंच मारणारा हा पक्षी बसविणें पुष्कळांस अनुचित वाटेल. परंतु ज्याच्या आरवण्यानें पेत्राला आपल्या नाकबुलीची आठवण झाली तो हाच पक्षी. आणि यरुशलेमेविषयीं शोक करतांना प्रभु येशूनें दृष्टान्त घेतला तोहि पिलांस पंखांखालीं गोळा करणाऱ्या कोंबडीचाच. तेव्हां आमच्या लेखणीला तो हलका वाटावा असें कांहींच कारण नाहीं. शिवाय आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांच्या वह्या, पुस्तकें आणि सहलीची वर्गणी ह्यांच्यामागें घरच्या आईनें आठवडी बाजारांत विकलेली एखादी कोंबडी उभी असते, हें आम्हांस ठाऊक आहे. ज्या प्राण्याचे आपण असे ऋणी आहोंत, त्याच्याविषयीं चार शब्द लिहिणें हें आमचें कामच होय.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. आपल्या घरची गांवठी कोंबडी ही निकृष्ट कोंबडी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या राखलेलें तें एक बीज आहे. तें बीज आज कांहीं मिसळून व कांहीं विसरून नाहींसें होण्याच्या मार्गावर आहे. आणि तें राखण्याचें काम मोठमोठ्या संस्थांवर सोंपवून न देतां आपल्या परसांतील दहा-बारा कोंबड्यांच्या लहानशा कळपानेंहि होण्यासारखें आहे. ह्या म्हणण्यास आधार काय, त्याविरुद्ध काय बोललें जातें, आणि तें काम प्रत्यक्ष कसें करावें, हें क्रमानें पाहूं.

जगांतील सर्व पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष म्हणजे हिंदुस्थानांतील व आग्नेय आशियांतील रानांत आढळणारा तांबडा रानकोंबडा. चार्लस डार्विन ह्यानें १८६८ सालीं पाळीव प्राण्यांवर व वनस्पतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत हेंच मत मांडलें आहे. आणि त्या कामीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयांतील एडवर्ड ब्लाइथ ह्यांनीं पाठविलेली माहिती त्याच्या उपयोगीं पडली. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाप्रमाणें, निश्चितपणें पाळीव कोंबडीचीं म्हणतां येतील अशीं सर्वांत जुनीं हाडें थायलंडांतील बान नॉन वाट ह्या ठिकाणचीं, म्हणजे सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचीं, आहेत. माणूस भात व इतर धान्यें पिकवूं लागला, सांडलेल्या दाण्यांसाठीं रानपक्षी झाडावरून शेतांत उतरला, आणि तेथून हळूहळू माणसाच्या दारीं आला, असें त्या संशोधकांचें अनुमान आहे. म्हणजे कोंबडी हा पकडून आणलेला कैदी नव्हे. दाण्यांच्या ओढीनें आपण होऊन आलेला तो पाहुणा होय.

ह्या कथेंत आपल्या सह्याद्रीचाहि वांटा आहे. आपल्या घाटांतील रानांत राखाडी रंगाचा रानकोंबडा राहतो; त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे पिंवळट ठिपके असतात. जगांतील पुष्कळ पाळीव कोंबड्यांचे पाय व कातडी पिंवळी असते. तांबड्या रानकोंबड्याची तशी नसते. हा गुण आला कोठून? २००८ सालीं संशोधकांनीं आनुवंशिक परीक्षा करून असें दाखविलें कीं, तो बहुधा राखाडी रानकोंबड्याकडून आलेला आहे. परदेशांतल्या एखाद्या चित्रांत पिंवळ्या पायांची ऐटदार कोंबडी दिसली, तर तिच्या अंगांत आपल्याच डोंगरांतील एका पक्ष्याचा अंश आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

आतां आपल्या देशांतील जातींकडे वळूं. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें कोंबड्यांच्या सुमारें वीस देशी जाती नोंदल्या आहेत. त्यांत आंध्रांतील व बस्तरकडील असील आहे. झाबुआ व अलिराजपूरकडील भिल्ल लोकांनीं जतन केलेला, हाडांमांसापर्यंत काळा असा कडकनाथ आहे. निकोबार बेटांवरची निकोबारी आहे. आणि आमच्या कित्येक वाचकांस नवल वाटेल, पण नंदुरबार, नवापूर, साक्री व त्यांस लागून असलेला गुजराथचा भाग ह्यांतील आपली रोजची कोंबडीहि ‘बुसरा’ ह्या नांवानें त्या यादींत आहे. मध्यम बेताची, हलक्या अंगाची, उभ्या तांबड्या तुऱ्याची, बहुधा पांढऱ्या पिसांत मान, पाठ व शेपूट ह्यांवर काळें आणि खांद्यापंखांवर तांबूस मिसळलेलें, अशी ही कोंबडी आहे. तिला आपण नुसतें ‘गांवठी’ म्हणतों, आणि त्या शब्दांत थोडी तुच्छता मिसळतों. शास्त्रज्ञांनीं ज्या वस्तूला नांव देऊन वहींत टिपून ठेवलें, ती वस्तु आपल्या दारांत असून आपणांस तिचें नांवहि ठाऊक नसावें, ही शोचनीय गोष्ट होय.

देशी जातीचें बीज म्हणजे काय, हें समजण्यास असीलचा इतिहास पुरेसा आहे. हा उंच, राकट, आखूड तुऱ्याचा पक्षी झुंजीसाठीं प्रसिद्ध होता. गेल्याच्या गेल्या शतकांत, म्हणजे एकोणिसाव्या शतकांत, तो विलायतेंत कॉर्नवॉल प्रांतीं गेला. तेथें त्याच्यापासून व दुसऱ्या झुंजारू जातींपासून ‘इंडियन गेम’ अथवा ‘कॉर्निश’ नांवाची रुंद छातीची जात तयार झाली. पुढें ती अमेरिकेंत गेली. १९४८ सालीं अमेरिकेंत ‘उद्यांची कोंबडी’ निवडण्यासाठीं मोठी स्पर्धा झाली, तींत पहिला मान कॉर्निश व न्यू हॅम्पशायर ह्यांच्या संकराला मिळाला. आज सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढें जाणारा जो ब्रॉयलर पक्षी शहराच्या प्रत्येक दुकानांत टांगलेला दिसतो, त्याच्या छातीवरील मांसांत आपल्या असीलचा वारसा आहे. ज्या पक्ष्याला आपण जुनाट म्हणून टाकून दिलें, त्याच्या गुणावर दुसऱ्यांनीं जगभराचा व्यापार उभारला. उद्यां कोणत्या जातींतील कोणता गुण जगाला हवासा होईल, हें आज कोणीं सांगावें?

येथें एक आक्षेप येतो, आणि तो मिशन शाळेच्या अंकांत आम्हीं लपवून ठेवणें बरें नव्हे. गांवठी कोंबडी बदलून तिच्या जागीं विलायती कोंबडी आणावी, हा उपदेश आपल्या देशांत मोठ्या उत्साहानें करणाऱ्यांत मिशनरी मंडळीच होती. संयुक्त प्रांतांत एटा येथें अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे आर्थर स्लेटर ह्यांनीं कोंबडीपालनाचें केंद्र चालविलें. त्रावणकोरांत मार्तंडम्‌ येथें वाय. एम. सी. ए.चे स्पेन्सर हॅच ह्यांनीं ग्रामसुधारणेच्या कामांत मधमाशांबरोबर कोंबड्यांनाहि मोठें स्थान दिलें. पांढरी लेगहॉर्न व तांबडी ऱ्होड आयलंड रेड ह्या जातींचीं नांवें पुष्कळ खेड्यांनीं प्रथम ऐकलीं तीं अशाच लोकांच्या तोंडून. त्यांचा हेतु थोर होता. गरीब कुटुंबाला दोन पैसे अधिक मिळावे, मुलांच्या ताटांत अंडें पडावें, हीच त्यांची तळमळ होती, आणि तिचें फळ कित्येक घरांस मिळालेंहि. त्यांना दोष देण्यास आम्ही ही लेखणी उचललेली नाहीं.

आंकड्यांचा पक्षहि त्यांच्या बाजूचा दिसतो. बुसरा कोंबडी वर्षाकाठीं पन्नासच्या आसपास अंडीं देते. कारखानदारी पद्धतीची संकरित कोंबडी तीनशेंच्या घरांत देते. तेव्हां सहा गांवठी कोंबड्यांचें काम एक संकरित कोंबडी करीत असतां गांवठीचा आग्रह कशाला, असा प्रश्न सुज्ञ पालक विचारतील. त्यास उत्तर देण्यापूर्वीं एक पाहिलेली गोष्ट सांगतों.

मागें एकदां आम्ही एका विद्यार्थ्याच्या घरीं गेलों होतों. वाटपांत मिळालेल्या सुधारलेल्या जातीच्या चार कोंबड्या अंगणांत हिंडत होत्या. अंगानें भरदार, दिसावयास सुरेख. आम्हीं त्यांची स्तुति केली. मुलाची आई म्हणाली, “अंडीं पुष्कळ देतात, गुरुजी. पण ह्यांच्यांतली एकहि आई होत नाहीं.” कोंबडी खुडूक होईना, म्हणून त्या बाईनें तिचीं अंडीं शेजारणीच्या म्हाताऱ्या गांवठी कोंबडीखालीं घातलीं. पिलें निघालीं, तीं निम्मी एका तऱ्हेचीं, निम्मी दुसऱ्या. त्यांच्यापासून आईइतकीं अंडीं कोणीच दिलीं नाहींत. शेवटीं मूळच्या चार कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या, आणि बाई पुन्हां पिलें विकत घेण्यासाठीं पैसे जमवूं लागली.

आमचें सारें उत्तर त्या एका वाक्यांत आहे. अंड्यांवर बसणें हा गुण अधिक अंड्यांच्या आड येतो. कारण खुडूक बसलेली कोंबडी तेवढे दिवस अंडीं देत नाहीं. म्हणून व्यापारासाठीं पैदास करणाऱ्यांनीं निवड करीत करीत तो गुणच काढून टाकला. त्यांना तो नकोच होता. त्यांच्यापाशीं उबवणीचीं यंत्रें आहेत. परंतु ज्या घरीं यंत्र नाहीं, आणि वीजेचा भरवसा नाहीं, त्या घरचें यंत्र म्हणजे ती खुडूक कोंबडीच. ती आपल्या अंगाच्या ऊबेनें एकवीस दिवसांत दहा-बारा पिलें काढते, त्यांना दाणा ओळखावयास शिकविते, घारीची सावली दिसतांच पंखांखालीं घेते, आणि ह्या सर्वांचें वेतन म्हणून मूठभर कणी व अंगणांतले किडे मागते. पन्नास अंड्यांची कोंबडी स्वतःची जागा भरून काढते. तीनशें अंड्यांची कोंबडी आपली जागा बाजाराकडून भरून घेते. पहिली घरची संपत्ति आहे, दुसरी घरांत आलेला माल आहे.

त्या पिलांचे गुण विस्कटले त्याचें कारण आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असलें पाहिजे. मेंडेलचे नियम वाटाण्यांप्रमाणें प्राण्यांसहि लागू पडतात, हें विल्यम बेट्सन ह्यानें १९०२ सालीं ज्या प्रयोगांनीं दाखविलें, त्यांत कोंबड्यांच्या तुऱ्यांचा प्रयोग प्रमुख होता. असीलचा तुरा आखूड व चपटा असतो. बुसऱ्याचा करवतीसारखा उभा. शुद्ध असील कोंबडा व उभ्या तुऱ्याची कोंबडी ह्यांच्या सर्व पिलांस असीलच्याच वळणाचा तुरा येतो. परंतु तीं पिलें आपसांत मिळालीं म्हणजे पुढच्या पिढींत सरासरीनें चारांपैकीं एकाला उभा तुरा पुन्हां येतो. जो गुण गेला असें वाटलें तो दडून बसलेला असतो. संकरित कोंबडीच्या अंड्यांचा गुण एका तुऱ्यासारखा सोपा नाहीं. तो अनेक कारणांचा मेळ असतो, आणि तो मेळ दुसऱ्या पिढींत मोडतो. म्हणून गिरिराज, वनराज इत्यादि संकरित पक्षी ज्यांना पाळावयाचे असतील त्यांनीं खुशाल पाळावे. परंतु त्यांचे कोंबडे गांवठी कोंबड्यांत सोडूं नयेत. दोन्ही वेगळ्या राखल्या तर दोन्ही राहतील. एकत्र केल्या तर कांहीं वर्षांनीं एकीचाहि गुण हातीं राहणार नाहीं.

बीज एकाच ठिकाणीं असूं नये, ह्याचा धडा आमच्याच बाजूला मिळालेला आहे. फेब्रुवारी २००६ मध्यें भारतांतील बर्ड फ्लूची पहिली लागण नवापूर येथें आढळली. रोग पसरूं नये म्हणून लाखों पक्षी मारण्यांत आले, आणि त्यांत मोठ्या पोल्ट्र्यांतील पक्ष्यांबरोबर घरोघरच्या गांवठी कोंबड्याहि गेल्या. तो उपाय आवश्यक होता. माणसांच्या जीवाचा प्रश्न होता, आणि त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु विचार करा: बुसरा जातीच्या माहेरींच ही आपत्ति आली. पोल्ट्रीवाला पुढें पैसे देऊन दुसरीकडून पिलें आणूं शकला. पण एखाद्या पाड्यावरील आजीनें आपल्या सासूपासून चालत आलेली जी कोंबड्यांची ओळ गमावली, ती कोणत्या दुकानांतून आणावी? जी वस्तु विकत मिळत नाहीं ती एकाच टोपलींत ठेवूं नये. दहा गांवीं दहा लहान कळप असतील, तर एका गांवावर संकट आलें असतां नऊ गांवांतून बीज परत येईल.

आतां प्रत्यक्ष कामाकडे येऊं. कारण नुसत्या उपदेशानें अंडें उबत नाहीं.

आरंभ थोड्यानें करावा. आठ-दहा कोंबड्या व एक उमदा कोंबडा इतकें पुरे. ते जुन्या वस्तींतून, जेथें बाहेरचे कोंबडे फारसे आले नाहींत अशा घरांतून घ्यावे. तुरा, पिसांची धाटणी, अंगाचा बांधा पाहावा. पण नुसत्या रूपावर भरवसा ठेवूं नये. लेगहॉर्नचा तुराहि उभाच असतो, म्हणून तुऱ्यावरून सगळी भेसळ ओळखूं येत नाहीं. ह्या कोंबडीनें पिलें किती काढलीं आणि किती वाढविलीं, हें घरच्या बाईला विचारावें. ह्या बाबतींत तिच्या स्मरणासारखें दुसरें दप्तर नाहीं. आणलेल्या कोंबड्या पूर्वीं दुसऱ्या कोंबड्यांत असतील, तर तीन आठवडेपर्यंत त्यांचीं अंडीं उबवणीस ठेवूं नयेत; कारण एकदां मिलन झालें कीं पुढें दोन आठवडे आणि त्याहूनहि अधिक दिवस अंडीं पहिल्या कोंबड्याच्या बीजानें फळत राहतात. ही एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळें पुष्कळांचा शुद्धतेचा खटाटोप पहिल्याच महिन्यांत व्यर्थ जातो.

दुसरी गोष्ट जवळच्या नात्यांतील मिलनाची. एकच कोंबडा वर्षानुवर्षें ठेवला, मग त्याचाच मुलगा ठेवला, म्हणजे अंडीं कमी फळतात, पिलें अशक्त निघतात, आणि कळप आपोआप खालावतो. येथें गणिताचा उपयोग करावा. कळपांतील नरांची व माद्यांची संख्या गुणून, तिची चौपट करून, एकूण पक्ष्यांनीं भागावें. जें उत्तर येईल तितक्याच पक्ष्यांचें बीज खऱ्या अर्थानें पुढें चाललें आहे असें समजावें. एक कोंबडा व दहा कोंबड्या असतील तर उत्तर साडेतीनच्या किंचित्‌ वर येतें. कोंबड्या तीस केल्या आणि कोंबडा एकच ठेवला, तर तें चारांपर्यंतहि पोंचत नाहीं. परंतु तीस कोंबड्यांस तीन कोंबडे केले कीं तें जवळजवळ अकरा होतें. अर्थ स्पष्ट आहे: वीस कोंबड्या वाढवून जें साधत नाहीं तें दोन कोंबडे वाढवून साधतें.

पण एका अंगणांत तीन कोंबडे ठेवणें म्हणजे रोजची लढाई. म्हणून आम्ही असें सुचवितों कीं हें काम तीन घरांनीं मिळून करावें. प्रत्येक घरीं एक कोंबडा व दहा कोंबड्या असाव्या. कोंबड्या ज्या घरीं जन्मल्या त्याच घरीं राहाव्या. दरवर्षीं पहिल्या घरचा निवडक तरुण कोंबडा दुसऱ्या घरीं जावा, दुसऱ्याचा तिसऱ्या घरीं, आणि तिसऱ्याचा पहिल्या घरीं. हा क्रम कधीं उलटा करूं नये. इतक्या साध्या नियमानें भावाबहिणींचें मिलन टळतें, आणि बाहेरचें रक्त न आणतां कळप पुष्कळ वर्षें निरोगी राहूं शकतो. ह्यांत शेजारधर्माचीहि जोपासना आहे: तीन कुटुंबांचें भलें एकमेकांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहतें. ज्यानें आपला चांगला कोंबडा घरीं ठेवून मरतुकडा शेजाऱ्यास दिला, त्यालाहि दोन वर्षांनीं त्याच कोंबड्याचा नातू परत येणार आहे!

निवड करतांना घाई करूं नये. नर पांच-सहा महिन्यांचे होईपर्यंत त्यांचा खरा बांधा कळत नाहीं. सर्वांत मोठा तोच उत्तम असें मानूं नये. सरळ पाय, तेजस्वी डोळे, चपळ चालणें, आणि जिची पिलें जगतात अशा आईच्या पोटीं जन्म, हीं लक्षणें अधिक महत्त्वाचीं. पायांत रंगीत कडी घालावी आणि वहींत जन्माची तारीख, आईची खूण, अंडीं, निघालेलीं पिलें व जगलेलीं पिलें टिपावीं. ज्या मुलाला गणिताचा कंटाळा येतो त्याच्या हातीं ही वही द्यावी. त्याला शेंकडेवारी कशासाठीं असते तें एका हंगामांत कळेल.

उबवणीसाठीं हिंवाळा उत्तम. पावसाळ्यांत ओल व रोग ह्यांमुळें पिलें फार दगावतात. सात दिवसांच्या आंतलीं, स्वच्छ, मध्यम आकाराचीं अंडीं घ्यावीं. तीं धुऊं नयेत, कारण धुतल्यानें कवचावरचें नैसर्गिक आवरण जातें. कोंबडीला अंधार पडल्यावर, शांत जागीं, राख व गवत घातलेल्या टोपलींत बसवावें. सातव्या दिवशीं रात्रीं दिव्यासमोर अंडें धरून पाहिल्यास फळलेल्या अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. जें अंडें स्वच्छ दिसेल तें काढून टाकावें. हें दृश्य मुलांना अवश्य दाखवावें. कवचाआड धडधडणारा तो तांबडा ठिपका ज्यानें एकदां पाहिला, त्याला जीवनाविषयीं आदर शिकविण्यास वेगळा धडा नको.

पिलें जगविणें हेंच खरें कठीण काम. घार, मुंगूस व बोका ह्यांच्यापासून पहिले कांहीं आठवडे डालग्याखालीं किंवा बंद खुराड्यांत रक्षण करावें. बारीक कणी, शिजलेला भात, वाळवी व हिरवा पाला द्यावा. पाणी उथळ भांड्यांत ठेवावें. परंतु सर्वांत मोठा शत्रु म्हणजे मानमोडी, ज्याला कुमाऊंतील एका डोंगरी गांवावरून राणीखेत म्हणतात. तो आला म्हणजे चार दिवसांत अंगण ओस पडतें, आणि त्यावर औषध नाहीं. आहे ती फक्त आधीं टोंचावयाची लस. पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत अगर नाकांत थेंब, आणि सुमारें दोन महिन्यांचें झाल्यावर टोंचणी, हा साधारण क्रम असून नेमकें पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस विचारावें. लसीच्या एका कुपींत शंभर किंवा अधिक पक्ष्यांपुरती मात्रा असते, आणि ती थंड ठेवावी लागते. म्हणून एकट्यानें आणणें परवडत नाहीं. दहा घरांनीं एकच दिवस ठरवावा, आणि शाळेंतील मोठ्या मुलांनीं पुढाकार घ्यावा. देशी कोंबडीला रोग होत नाहीं, असा जो समज आहे तो खोटा आहे, आणि त्या समजुतीनेंच आजपर्यंत सर्वांत अधिक गांवठी कोंबड्या मारल्या आहेत.

आतां एका अवघड प्रश्नाला टाळून आम्ही पुढें जाणार नाहीं. जितकीं पिलें निघतील त्यांत सुमारें निम्मे नर असणार, आणि इतके नर ठेवतां येत नाहींत. ते विकावे किंवा खावे लागतील. कोमल मनाच्या मुलांस ह्याचें दुःख होईल; तें दुःख योग्यच आहे. परंतु अंडीं देणाऱ्या संकरित जातींच्या मोठ्या उबवणी-केंद्रांत नर पिलूं निरुपयोगी म्हणून जन्मल्याच दिवशीं मारण्याची रीत आहे, हेंहि त्यांनीं जाणावें. आपल्या अंगणांतील कोंबडा निदान पांच-सहा महिने ऊन खातो, धुळींत लोळतो, आरवतो. सृष्टीवर मनुष्यास जो अधिकार मिळाला तो कारभाऱ्याचा आहे, मालकाचा नव्हे. आणि कारभाऱ्यानें प्रत्येक जीवाचा हिशेब द्यावयाचा असतो. जो आपलें अन्न डोळ्यांआड वाढूं देतो त्याला हा हिशेब सुचतहि नाहीं.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. देशी कोंबडी म्हणजे झटपट श्रीमंतीचा मार्ग, असें सांगणारा कोणी भेटला तर त्याच्या वाऱ्यासहि उभें राहूं नये. २०१८ सालीं झाबुआच्या कडकनाथास भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचा लौकिक वाढला; आणि लगेच २०१९ सालीं पश्चिम महाराष्ट्रांत कडकनाथाच्या नांवावर काढलेल्या गुंतवणुकीच्या योजनांत पुष्कळ शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. दोष त्या काळ्या पक्ष्याचा नव्हता, लोभाचा होता. लहान कळपानें घरांत अंडें येईल, अडीअडचणीला चार पैसे येतील, गांवठी अंड्याला व कोंबडीला बाजारांत जो चढा भाव मिळतो तो मिळेल. ह्याहून अधिक वचन आम्ही देत नाहीं.

आमच्या शाळेच्या मागील आवारांत, भाजीच्या वाफ्यांपलीकडे, एक रिकामी जागा आहे. तेथें बुसरा कोंबड्यांचें एक खुराडें व्हावें, आणि दोन विद्यार्थ्यांच्या घरच्या कळपांशीं जोडून तीन घरांचें पहिलें वर्तुळ तेथूनच सुरू व्हावें, अशी आमची सूचना आहे. तिला फार खर्च नाहीं. बांबू, जाळी, थोडीं कौलें, आणि सकाळीं लवकर उठणारे दोन मुलगे इतकें पुरेसें आहे. उठविण्याचें काम तर तो कोंबडा स्वतःच करील.

कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती खरीच आहे. आपल्या गांवठी कोंबड्या नाहींशा झाल्या तरी सूर्य रोज उगवेल. परंतु त्या सकाळीं दारांतून हांक मारणारें कोणी नसेल, आणि अंगणांत पंखांखालीं पिलें घेऊन बसलेली आई दाखविण्यासाठीं आपणांस मुलांपुढें पुस्तक उघडावें लागेल. पालकांनो, तुमच्या घरीं अजून ती आहे. ह्या हिंवाळ्यांत ती खुडूक झाली म्हणजे तिला पाण्यांत बुचकळून उठवूं नका. तिच्याखालीं तिच्याच जातीचीं दहा अंडीं ठेवा, आणि मुलाच्या हातीं एक वही द्या.